चुकीच्या पायांवर चढलेले घट्ट मोजे



पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली की आमच्या तेर-ढोकी रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पोरंपोरी धावायला लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अलीकडे त्यांच्या पायांवर एक नवी गोष्ट दिसते. पोटरीवर चढवलेली काळी घट्ट नळी, मांडीला चिकटून बसणारी लांब चड्डी, क्वचित हातावर कोपराच्या वर जाणारी बाही. टीव्हीवर फुटबॉलवाले घालतात ना, अगदी तशीच. यालाच ‘कम्प्रेशन’चे कपडे म्हणतात.

आता याच गावातले दुसरे पाय बघा. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंचे, दिवसभर कढईपुढे उभ्या असणाऱ्या हॉटेलवाल्याचे, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असणाऱ्या दादांचे. पोटरीवर शिरा गाठीगाठीने वर आलेल्या, संध्याकाळी पाय सुजून चपलेत न मावणारा, घोट्याच्या वर कातडी काळवंडलेली आणि कुणाकुणाला तिथेच महिनोन्महिने न भरणारी जखम. या पायांवर काहीच नसतं. फार तर गरम तेलाची मालिश.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. घट्ट मोजा हे एक औषध आहे आणि आपण ते चुकीच्या पायांना देतोय. ज्यांना त्याचा नावापुरता उपयोग, ते खिसा रिकामा करून घालतात. ज्यांचा पाय त्यामुळे वाचेल, त्यांना कुणी सांगतही नाही. याबद्दल जरा खडसावूनच लिहायचं ठरवलंय.

आधी थापटून बघू

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिलं आणि कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, अशी परंपरेतली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांसारख्यांनाही त्यातून सूट मिळाली नाही. तोच न्याय आज आपण खेळाच्या कपड्यांवरच्या दाव्यांना लावू. पाकिटावर कुणाचा फोटो आहे हे बघायचं नाही. थापटायचं आणि आवाज ऐकायचा.

घट्ट मोजा नेमकं करतो काय?

हृदय रक्त खाली पावलापर्यंत ढकलतं, पण ते वर परत आणायचं काम मुख्यतः पोटरीचं असतं. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. चिखल तुडवणाऱ्या कुंभाराचे पाय आठवा. पाय खाली दाबला, वर उचलला, पुन्हा दाबला. हा पंप दिवसभर चालू असतो.

नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद पडतो. त्या वेळी घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. चालायला लागलं आणि झडपा नीट असल्या, तर तोच दाब ३० च्या खाली उतरतो. झडपा खराब झाल्या तर मात्र चालूनही तो पुरेसा उतरत नाही. रक्त साचतं, शिरा फुगतात, पाणी बाहेर झिरपतं, सूज येते. व्हेरिकोज व्हेन्सची सगळी कहाणी एवढीच.

यावरचा उपाय एका रुग्णाला पाण्यात सापडला. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले कॉनराड जॉब्स्ट हे इंजिनिअर होते आणि त्यांना स्वतःला शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या लक्षात आलं. विहिरीत पोहणाऱ्या आपल्यालाही हा अनुभव आहेच. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. छातीभर पाण्यात घोट्यावर साधारण तेवढाच दाब येतो जेवढा उभं राहिल्यावर शिरेत असतो, आणि वर येता येता तो कमी होतो. जॉब्स्ट यांनी १९५० च्या दशकात हीच गोष्ट मोज्यात उतरवली: घोट्याला सर्वांत घट्ट, वर जाताना क्रमाने सैल.

म्हणजे हा मोजा मुळात आजारी पायासाठी जन्माला आला, धावणाऱ्या पायासाठी नाही. निरोगी माणूस धावत असतो तेव्हा त्याचा पोटरीचा पंप आधीच पूर्ण जोरात चालू असतो. भरून वाहणाऱ्या पाटाला आणखी एक मोटर लावून काय मिळणार?

मग मैदानावर तो आला कसा?

बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हरसनने २०००-०१ च्या हंगामात उजव्या हातावर घट्ट बाही चढवली, कारण त्याच्या कोपराला सूज होती. कारण वैद्यकीय होतं. तो तुफान खेळला आणि मग कोपर अगदी ठणठणीत असलेल्यांनीही बाह्या चढवल्या. दुकानांत बाह्या आल्या, मग पोटरीच्या नळ्या आल्या, मग चड्ड्या. एकाचं दुखणं शेवटी सगळ्यांचा गणवेश झालं.

फुटबॉलमध्ये या कपड्यांचं इतकं चाललंय की खेळाच्या नियम क्रमांक ४ मध्ये आतल्या चड्डीचा आणि टाइट्सचा रंगसुद्धा ठरवून दिलेला आहे. तो वरच्या चड्डीच्या मुख्य रंगाचा किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाचा असावा लागतो. सामना संपल्यावर खेळाडू जर्सी काढतो तेव्हा आत एक आखूड काळी बंडी दिसते. अनेकांना वाटतं तीही ताकद वाढवणारी. ती तशी नसते. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक छोटं यंत्र बसवायला ती बंडी असते. खेळाडू किती धावला, किती वेगाने धावला, हे ते यंत्र मोजतं. ती बंडी घातली म्हणून तुम्ही जास्त धावणार नाही, जसं थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही.

आता एकेक दावा घेऊ.

दावा पहिला: वेग वाढतो, दम टिकतो

थापटलं तर कच्चं. या कपड्यांवर आता शंभराहून जास्त अभ्यास झालेत. त्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांना धावण्याच्या वेगात, उडीत किंवा दमात सातत्याने काही फरक सापडलेला नाही. कुठे किंचित फायदा दिसतो, बहुतेक ठिकाणी शून्य. नुकसानही दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

जाहिरातीत एक युक्तिवाद नेहमी असतो: धावताना मांडीचे स्नायू थरथरतात, त्या थरथरीने थकवा येतो, आणि घट्ट कपडा ती थांबवतो. ऐकायला पटतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. धावपटूंना ट्रेडमिलवर टाइट्स घालून आणि न घालता पळवलं. थरथर खरंच कमी झाली, थकवा मात्र कमी झाला नाही. आणि या अभ्यासाला पैसे दिले होते नायके कंपनीने, जी स्वतः असे कपडे विकते. विकणाऱ्याच्याच पैशातून झालेला अभ्यास उपयोग नाही म्हणतो, तेव्हा तरी कान टवकारायला हवेत.

दावा दुसरा: इजा होत नाही

हा दावा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण आईवडील याच भीतीपोटी पैसे काढतात. हाही कच्चाच. हे कपडे घातल्याने गुडघ्याचे लिगामेंट किंवा मांडीमागचा स्नायू फाटायचं थांबतं, असा भरवशाचा पुरावा नाही.

साधा विचार करा. युरोपातल्या बड्या पुरुष क्लबांच्या इजांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. मांडीमागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, दुखापतींचं सगळ्या इजांमधलं प्रमाण २००१-०२ च्या हंगामात १२ टक्के होतं. २०२१-२२ मध्ये ते २४ टक्के झालं. याच वीस वर्षांत घट्ट चड्ड्या घरोघरी पोचल्या. चड्ड्यांमुळे इजा वाढल्या असं मी म्हणत नाही. खेळ वेगवान झाला, सामने वाढले, ती कारणं वेगळी आहेत. पण या चड्ड्या खरोखर स्नायू वाचवत असत्या, तर जगातल्या सर्वांत महागड्या मांड्या अशा फाटत राहिल्या नसत्या.

आपल्या खो-खोचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होतं. पळता पळता क्षणात दिशा बदलणं, खांबाला वळसा घालणं, सूर मारणं. गुडघा पिळवटतो तो एका क्षणात, आणि त्या क्षणी शरीराच्या सगळ्या वजनाचा झटका त्यावर येतो. तो झटका पातळ नायलॉनचं कापड अडवेल, हे मानणं म्हणजे मांडवाच्या कापडाने गारपीट अडवणं.

दावा तिसरा: दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखतं

अर्धं पक्कं. जोरदार सरावानंतर घट्ट कपडे काही तास घातले तर पुढच्या एक-दोन दिवसांतलं स्नायूंचं दुखणं थोडं कमी वाटतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. २०१४ मध्ये १२ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही तसाच होता.

पण इथे एक मेख आहे. गोळीचा खरा-खोटा तपास करताना आपण निम्म्या लोकांना खोटी गोळी देतो आणि कुणाला कोणती ते कळू देत नाही. खोटी घट्ट चड्डी कशी देणार? घातल्या क्षणी कळतंच. त्यामुळे ‘कमी दुखलं’ यात कापडाचा वाटा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. बरं वाटत असेल तर घाला बापडे, पण बरं वाटणं म्हणजे स्नायू बरा होणं नव्हे.

गंमत म्हणजे, खुद्द फुटबॉलपटूच आता उलट्या वाटेने चाललेत. इंग्लंडचे काइल वॉकर, बुकायो साका, ज्यूड बेलिंगहॅम यांच्या मोज्यांना पोटरीमागे भोकं दिसतात ना? उंदरांनी कुरतडलेले नाहीत ते. मोजे पोटरीला फार आवळतात म्हणून मुद्दाम कापलेले आहेत. एक खेळाडू पोटरी आवळायला पैसे मोजतो, दुसरा ती मोकळी करायला मोजा फाडतो, आणि दोघंही उत्तम खेळतात! भोकांमुळे ताकद येते याचाही पुरावा नाही. दोन्हींतून एकच कळतं. मोठ्या सामन्याआधी खेळाडूला काहीतरी आपल्या हातात असल्यासारखं वाटायला हवं असतं. कुणी उजवा बूट आधी घालतो, कुणी देवाचा गंडा बांधतो, कुणी स्लीव्ह चढवतो.

दावा चौथा: घासत नाही, खरचटत नाही, अंग झाकतं

हा मात्र पक्का. टणक आवाज येतो. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात ते टळतं. कृत्रिम गवतावर घसरून चेंडू अडवताना कातडी निघते, ती थोडी वाचते. युरोपातल्या थंडीत पाय उबदार राहतात. फुटबॉलपटूंनी हे कपडे घालण्यामागे ही साधी कारणं बरीच मोठी आहेत, फक्त ती जाहिरातीत शोभत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि त्याचा मला पूर्ण आदर आहे. आखूड चड्डी घालून खेळायला अनेक मुलींना संकोच वाटतो, घरच्यांचा विरोध असतो, पाळीच्या दिवसांत भीती वाटते. आत लांब टाइट्स असल्या की मुलगी मनमोकळी पळते. एवढ्या कारणासाठी एक मुलगी जरी मैदानावर टिकली तरी तो कपडा वसूल झाला. पण हे काम अंगाला नीट बसणारी, घाम शोषणारी साधी लेगिंगही करते. त्यासाठी ‘रक्ताभिसरण वाढवणारे तंत्रज्ञान’ असं छापलेलं पाकीट घ्यावं लागत नाही.

“पण डॉक्टर, तोटा तर नाही ना?”

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. कोट्यवधी रुपये कमावणाऱ्या खेळाडूला तोटा नाही. आपल्या पोरांना तीन तोटे आहेत.

पहिला, उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशात अंगभर काळं, घट्ट, घाम न सुकवणारं कापड घालून सकाळी दहा वाजता सराव करणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. शिवाय घामाने जांघेत गजकर्ण होतं ते वेगळंच.

दुसरा, दुखणं झाकण्याचा. गुडघ्यात ‘टक’ असा आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला आणि चालताना तो दगा देतो असं वाटलं, तर ते लिगामेंट तुटल्याचं लक्षण असू शकतं. अशा गुडघ्यावर नी-कॅप किंवा स्लीव्ह चढवली की जरा आधार वाटतो, आणि पोरगं परत मैदानात उतरतं. मग आतली गादी फाटते. कापडाने दिलेला हा खोटा धीर पुढे आयुष्यभराचा गुडघा मागून घेतो.

तिसरा, पैशाचा. इथे माझा राग जास्त आहे. ज्या घरात मुलाच्या बुटांचा तळ झिजून गुळगुळीत झालाय, ज्या घरात दूध-अंडी रोज येत नाहीत, त्या घरातले हजार-दीड हजार रुपये या नळ्यांवर जातात.

आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा जिल्हा. याच मातीतल्या सारिका काळे भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी स्वतः सांगितलं होतं की घरच्या ओढाताणीमुळे जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. ही गोष्ट आपण ‘जिद्द’ म्हणून सांगतो आणि टाळ्या वाजवतो. मला ती आपल्या तोंडात मारल्यासारखी वाटते. आपल्या खेळाडूंना पहिली गरज दोन वेळच्या पोटभर जेवणाची आहे. पोटरीवरची नळी त्या यादीत फार खाली येते. उपाशी स्नायूला कितीही आवळलं तरी तो वाढत नाही.

फुकटातलं औषध

इजा टाळायची असेल तर उपाय आहे, आणि तो विकत मिळत नाही म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १९०० मुलींवर एक मोठा अभ्यास झाला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांनी प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप केला: हळू पळणं, पोटाचे आणि मांडीचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे नीट वाकवत उतरणं, पळता पळता दिशा बदलणं. एकूण इजा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर इजा तर जवळपास निम्म्या झाल्या. हाच कार्यक्रम ‘फिफा ११+’ नावाने जगभर शिकवला जातो. त्याला लागतं काय? थोडी जागा, वीस मिनिटं आणि शिस्त.

मांडीमागच्या स्नायूसाठी आणखी एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ ताठ ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचं, हात टेकेपर्यंत. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. तो नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या इजा जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. खर्च शून्य. सुरुवातीला मांडी दुखते, म्हणून कमी आवर्तनांपासून सुरू करा.

खो-खो, कबड्डी, फुटबॉल शिकवणाऱ्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे: नळ्या घ्यायला सांगण्याआधी ही वीस मिनिटं घ्या. भरतीवाल्या पोरांनो, आधी बूट बदला, सरावाचं अंतर दर आठवड्याला थोडं थोडंच वाढवा आणि रात्री सात-आठ तास झोपा.

आता ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याबद्दल

पाय संध्याकाळी जड होतात, पोटरीवर निळ्या वेड्यावाकड्या शिरा दिसतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, घोट्याच्या आतल्या बाजूला खाज सुटून कातडी तपकिरी-काळी पडते. इथपर्यंत माणूस म्हणतो, ‘वयच झालं, चालायचंच.’ मग एक दिवस तिथे जरासं खरचटतं आणि ती जखम भरतच नाही. मलमं होतात, हळद होते, गोळ्यांची पाकिटं होतात. जखम तशीच, कारण दोष मलमात नाही, शिरेतल्या साचलेल्या दाबात आहे.

अशा जखमेवर नीट बांधलेला दाबाचा पट्टा आणि भरल्यावर घट्ट मोजा, याने जखमा लवकर भरतात. हा वैद्यकातला भरपूर तपासलेला निष्कर्ष आहे. दुसरं उदाहरण पाय सुजून वारंवार लाल होणाऱ्या, तापाने फणफणणाऱ्या रुग्णांचं. २०२० मध्ये ८४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, दाबाचे मोजे वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना हा संसर्ग पुन्हा झाला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. फरक इतका ठळक होता की अभ्यास लवकर थांबवावा लागला. हत्तीरोगाच्या किंवा कर्करोगाच्या उपचारानंतरच्या सुजेतही असाच दाब उपयोगी पडतो.

थापटणं डॉक्टरांच्या मोज्यांनाही लावायला हवं. पक्षाघाताच्या रुग्णांना मांडीपर्यंतचे मोजे घातले तर पायातल्या गुठळ्या टळतील, असं आम्ही डॉक्टर मंडळी बरीच वर्षं मानत होतो. २००९ च्या मोठ्या अभ्यासात ते खोटं ठरलं. गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला इजा वाढल्या. म्हणून मोजा हा डोळे झाकून वापरायचा दागिना नाही. योग्य पायाला योग्य दाब, एवढंच.

घालायचा असेल तर असा घाला

खेळाच्या दुकानातल्या बहुतेक नळ्यांवर दाब किती ते लिहिलेलंच नसतं. औषधी मोज्यावर ते मिलिमीटर पाऱ्यात छापलेलं असतं. शिरांच्या त्रासाला सहसा २० ते ३० च्या आसपासचा मोजा सांगतात, पण तुमचा दाब तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. किंमत बऱ्याचदा त्या फॅशनच्या नळ्यांइतकीच असते.

• माप घोट्याचं आणि पोटरीचं घ्यावं लागतं, तेही सकाळी, सूज नसताना. ‘मीडियम द्या’ असं सांगून घेऊ नका.
• सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घाला, झोपताना काढा.
• वरचा काठ दुमडू नका. दुमडलेला काठ दोरीसारखा काचतो आणि उलटा परिणाम होतो.
• साधारण सहा महिन्यांनी मोजा सैल पडतो. मग तो नुसता मोजा उरतो, औषध राहत नाही.

आणि हे लोक विचारल्याशिवाय घालूच नका. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, बिडी-सिगारेटमुळे किंवा वयाने ज्यांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, थोडं चाललं की ज्यांच्या पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, ज्यांचं हृदय नीट पंप करत नाही, किंवा ज्यांच्या पायाला ताजा संसर्ग आहे. धमनीतून रक्त आधीच कमी येत असेल, तर वरून आवळल्याने बोटं काळी पडू शकतात. म्हणून आधी पावलावरची नाडी तपासून घ्या, गरज पडली तर घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. तपासणी सोपी आहे, दुखत नाही.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर मोजा चढवू नका, मालिशही करू नका. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागत असेल तर तासाचाही उशीर नको.

शेवटी

मेडिकलवाल्या मित्रांनो, नळी मागायला आलेल्या पोराला एकदा विचारा, ‘तुझ्या आईचे पाय सुजतात का रे?’ माझ्या डॉक्टर बंधूभगिनींनो, उभं राहून काम करणारा रुग्ण आला की एक मिनिट काढून त्याची साडी किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगा आणि पाय बघा. मधुमेह, रक्तदाब आपण विचारतो, शिरा बघतच नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरात खेळाडू असेल तर त्याला चांगले बूट, पोटभर जेवण, वीस मिनिटांचा वॉर्म-अप आणि झोप द्या. त्यानंतर आवड म्हणून टाइट्स घेतल्या तर मी भांडायला येणार नाही. पण त्याच पैशांत घरातल्या एखाद्या सुजलेल्या पायाला डॉक्टरांना विचारून योग्य मोजा मिळणार असेल, तर आधी तो आणा. उद्या सकाळी आईने चूल पेटवण्याआधी, बाबांनी दुकानाचं शटर उघडण्याआधी, तो त्यांच्या पायात असू द्या.